हळद्याचा तंग

॥ श्री कानबाई प्रसन्न ॥

मी, वना जीवराम पाटील, वय अदमासे त्रेसष्ट, धंदा शेती, राहणार मौजे निंबखेडे, तालुका चोपडा, जिल्हा पूर्व खानदेश, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितो. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. दम लागतो, पण तो छातीला लागतो, डोक्याला नाही. कोणी धाक घालून, लालूच दाखवून किंवा पाया पडून हे माझ्याकडून लिहवून घेतलेले नाही. चोपड्याच्या वकिलांनी नमुना दिला होता, त्यात "माझे पश्चात तंटेबखेडे होऊ नयेत म्हणून" असे शब्द होते. ते मी गाळले आहेत. माझ्यामागे तंटे झाले तर होऊ देत. माझ्यामागे एक खोटे राहू नये, एवढ्याचसाठी हा कागद आहे.

कलम १. माझी पत्नी वच्छलाबाई हयात आहे. मुलगा एक, भाईदास, तो कर्ता झाला आहे. आई भिकुबाई सहा वर्षांमागे वारली. धाकटा भाऊ झुलाल संवत १९७८, म्हणजे सन १९२२ च्या भाद्रपदात, लग्नानंतर पाचव्या महिन्यात गेला. त्याची विधवा धुरपदाबाई धरणगावी आपल्या भावाकडे, तोतारामकडे असते. ती तेथे का असते, हे गावात सगळ्यांना माहीत आहे असे सगळ्यांना वाटते.

कलम २. वडिलोपार्जित जमीन कायद्याने भाईदासकडे जाते, तिच्याबद्दल मी काही लिहिण्याचे कारण नाही. घराचा पश्चिमेकडचा भाग, गाय, कणग्या व पितळी भांडी यांवर वच्छलाबाईचा ती जिवंत असेतो हक्क राहील. तिने माझ्याबरोबर सदतीस वर्षे काढली आणि माझ्या स्वभावाबद्दल शेजारी कधी अवाक्षर काढले नाही. घरात मात्र काढले, आणि ते बरोबर होते.

कलम ३. वखर, पाभर, दोन्ही कोळपी आणि विहिरीची मोट भाईदासला. पाभर मी धुळ्याच्या सुताराकडून करून घेतली आहे. ती उसनी देऊ नये. शेजारी शालिग्राम मागायला येईल. त्याला चहा द्यावा, पाभर देऊ नये. त्याचा बांध माझ्या शेतात दोन हात सरकला आहे हे मी मरतानाही विसरणार नाही, पण भाईदासने विसरावे. दोन हात जमिनीसाठी मी बावीस वर्षे त्याच्याशी नीट बोललो नाही, आणि एवढ्या वर्षांत त्याने मात्र माझ्या दोन आजारपणांत बैल जुंपून मला चोपड्याला नेले. हे कलम मी शालिग्रामला वाचून दाखवले आहे. तो म्हणाला, बांध दोन नाही, एकच हात सरकला आहे. असो.

कलम ४. हळद्या नावाचा घोडा, वय चोवीसच्या आसपास, ज्याच्या दावणीला असेल त्याने मरेपर्यंत पोसावा. सारंगखेड्याच्या बाजारात त्याला उभा करू नये. त्याचे दात झिजले आहेत, कडबा बारीक करून व भरडा भिजवून द्यावा. उन्हाळ्यात त्याला दुपारचे पाणी घालावे, कारण त्याच्या अंगावरचे केस आपल्या मुलखासाठी नाहीत. त्याच्या पाठीवर पोरे बसवावीत, झूल घालावी, पण खोगीर कधीही चढवू नये. का, ते पुढे येते.

कलम ५. हा घोडा घरात कसा आला ते लिहितो, कारण पुढचे सगळे त्या दिवशी सुरू झाले.

आमच्या घराला एका जनावराची गरज होती. आईला गुडघ्यांमुळे चालवत नव्हते, भाईदास लहान होता, बायकांचे माहेरी जाणे-येणे होते, आणि झुलालचे लग्न ठरत होते. बैलगाडी शेतात अडकलेली असे. जातिवंत घोडा घेण्याची ऐपत नव्हती, आणि तट्टू घेतले तर ते नवरदेवाला घेऊन वरातीत मध्येच बसायचे. म्हणून मार्गशीर्षात दत्ताच्या यात्रेला मी सारंगखेड्याला गेलो, कंबरेला जेवढे बांधले होते त्यातच भागवायचे असे ठरवून.

तेथे पश्चिम खानदेशातला एक पादरीसाहेब आपला घोडा विकायला उभा होता. साहेब इंग्रज नव्हता, नॉर्वे नावाच्या थंड मुलखातला होता, आणि घोडाही त्याने आगबोटीतून तिकडूनच आणवलेला. बाईसाहेबांची तब्येत बिघडली म्हणून ते परत निघाले होते. घोडा ठेंगणा, मानेने जाड, छातीने रुंद, रंग हळदीचा. आयाळ उभी कातरलेली, मधोमध काळी आणि दोन्ही कडांना पांढरी. त्याच आयाळीतून एक काळी रेघ निघून सरळ पाठीवरून शेपटीपर्यंत गेलेली. लहान मुलांनी पायांत घुटमळावे आणि त्याने पाय उचलू नये, असा शांत. तीन दिवस त्याला गिऱ्हाईक मिळाले नव्हते. कारण आपल्याकडे ज्याला घोड्यातले कळते तो आधी भोवरे मोजतो, मग खोडी बघतो, आणि पाठीवरची काळी रेघ म्हणजे सर्पीण. सर्पीण असलेला घोडा धन्याला खातो.

साहेब मोडक्या मराठीत म्हणाला, "आमच्या देशात सगळ्या घोड्यांना ही रेघ. रेघ नाही, तर तो आमचा घोडा नाही." मला ते पटले. त्या माणसाचा चेहरा खोटे बोलणाऱ्याचा नव्हता. तरी मी मान हलवली आणि म्हणालो, साहेब, ही सर्पीण आहे, गावात मला कोणी उभे करणार नाही. असे म्हणत म्हणत त्याने सांगितले त्याच्या निम्म्याहून थोडे जास्त, एवढ्यावर मी त्याला आणला. सारंगखेड्यात जी रेघ मला अशुभ होती, ती चोपड्याची हद्द लागताच शुभ झाली. घरी येऊन मी सगळ्यांना साहेबाचे वाक्य ऐकवले. आमच्या गावात पुना नावाचा घोड्यांचा जाणकार आहे. तो पाठीवर बोट फिरवून म्हणाला, "वना, हाई सर्पीन शे. घरना मानूसले खाई." मी सगळ्यांसमोर त्याला वेड्यात काढले.

कलम ६. साहेब घोड्याबरोबर खोगीर आणि नवा कातडी तंग द्यायला तयार होता. तंग म्हणजे खोगीर पोटाखालून आवळणारा पट्टा. त्याचे वेगळे सात रुपये मागत होता. घरी वडिलांच्या वेळचे खोगीर पडून होते, त्याला तंगही होता. मी म्हणालो, नको. लोक दमडीच्या कोंबडीला रुपयाचा मसाला घालतात. मी रुपयाच्या कोंबडीला दमडीचाही मसाला घातला नाही, आणि महिनाभर पारावर बसून माझी हुशारी सांगत राहिलो.

वैशाखात झुलालची वरात हळद्यावरून धरणगावी निघाली. घोडा बँडला बुजला नाही. उलट धरणगावच्या बायका नवरदेव सोडून त्याची आयाळ बघत होत्या. धुरपदा आमच्या दारात आली तेव्हा उंबऱ्यावरचे माप तिने उजव्या पायाने इतके हळू लवंडले की आई म्हणाली, पोर अन्नाला पाय लावायला भीते, घर राखील. हे आईचे शब्द मी मुद्दाम लिहितो, कारण पुढे आई ते विसरली.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खोगीर कसताना झुलाल मला म्हणाला होता, "भाऊ, तंग कुजी जायेल शे. नवा लई ल्या." मी तंग हातात घेऊन पाहिला. कातडे भेगाळले होते, एका जागी मी स्वतः सुतळीने शिवले होते. मी म्हणालो, "दिवाळीले दखसूत." माझ्या भावाशी माझे हे शेवटचे महत्त्वाचे बोलणे.

कलम ७. भाद्रपदात झुलाल चोपड्याच्या बाजाराला गेला. उन्हे कलली तरी आला नाही म्हणून मी नाल्याकडे चालत निघालो. उतारावर, जेथे खडक उघडे आहेत, तेथे तो पडला होता. डोके दगडावर आपटले होते. जीव गेलेला होता, अंग गरम होते. हळद्या पळाला नव्हता. खोगीर त्याच्या पोटाखाली लोंबत होते, तंग सुतळीच्या जागी तुटला होता, आणि घोडा झुलालच्या छातीशी नाक लावून उभा होता.

मी काय केले ते लिहितो. भावाला उचलण्याआधी मी तंग काढला. दोन्ही तुकडे गुंडाळून धोतराच्या सोग्यात खोचले. खोगीर नाल्याच्या झुडपात टाकले. मग ओरडलो.

गाव जमले. त्या गोंधळात खोगीर कुठे, हे कोणी विचारले नाही. पुनाने घोड्याकडे बोट दाखवले. त्या वेळी मी एवढे म्हणालो असतो, की तंग तुटला आणि तो मी बदलला नव्हता, तर आईने मला शिव्या दिल्या असत्या, गावाने थुंकले असते, आणि ते तेथेच संपले असते. पण मी पुढे झालो आणि कानबाईची शपथ घेऊन सांगितले की हा घोडा निर्दोष आहे, झुलालला चक्कर आली असावी. शपथ खोटी नव्हती. घोडा निर्दोषच होता. खऱ्या शपथेआड माणूस किती लपू शकतो हे मला त्या दिवशी कळले.

घोडा निर्दोष, मग दोष कोणाचा? हा प्रश्न कोणी विचारला नाही. पाच महिन्यांपूर्वी घरात नवीन पाय आला होता. आईने एकदा धुरपदेच्या तोंडाकडे पाहिले, मग पायांकडे पाहिले, आणि "पांढऱ्या पायाची" हा शब्द तिच्या तोंडून निघाला. मी धुरपदेचे नाव घेतले नव्हते. कोणाचेच नाव घेतले नाही की घर सगळ्यात नवीन माणसाकडे बघते, हे मला माहीत होते. मी गप्प बसलो. दहाव्याला गेलो, तेराव्याला जेवलो, तरी गप्पच.

कलम ८. चौदाव्या दिवशी धुरपदेला माहेरी पोचवण्याचे काम माझ्याकडे आले, कारण मीच घरातला मोठा. दुसरे जनावर मोकळे नव्हते, म्हणून तिला हळद्यावरच बसवले. पाठीवर नुसती घोंगडी. लगाम धरून मी पुढे चालत होतो.

आमच्याकडे भावजय थोरल्या दिराशी बोलत नाही, तोंड दाखवत नाही. काही सांगायचेच झाले तर भिंतीला, पोराला किंवा जनावराला सांगते आणि भासऱ्याने ऐकायचे असते. तापीपर्यंत ती काही बोलली नाही. नावेतून उतरल्यावर पुन्हा घोड्यावर बसली आणि त्याच्या मानेवर हात ठेवून म्हणाली, "हळद्या, तू तं बठ्ठं दखेल शे. तूच सांग रे बाबा, मन्ही काय चूक व्हयनी?"

मी ऐकले. उत्तर माझ्या घरी ज्वारीच्या कणगीत, तळाशी होते. मी लगाम ओढला आणि घोड्याला चाल वाढवायला लावली.

या गोष्टीला येत्या भाद्रपदात सोळा वर्षे होतील. धुरपदा कापसाच्या जिनिंग कारखान्यात कापूस निवडते. भावाच्या घरी पेरणीच्या दिवशी तिला माजघरात बसवून ठेवतात, खळ्यावर येऊ देत नाहीत, भाचीच्या हळदीला ती मागच्या दाराला उभी होती. हे मला तोतारामनेच सांगितले, सहज, गुळाचा भाव सांगावा तसे. माझ्या शांत तोंडाकडे बघून त्याला वाटले असेल की मलाही ते योग्यच वाटते.

कलम ९. म्हणून पुढीलप्रमाणे व्यवस्था करतो.

(अ) घराचा पूर्वेकडचा भाग, स्वयंपाकघर व परसासह, झुलालचा होता. तो धुरपदाबाई भ्रतार झुलाल पाटील हिचा. कायदा तो मला मिळाला असे म्हणतो, मी तसे म्हणत नाही. भाईदासने यास संमती म्हणून खाली सही केली आहे. सही करण्याआधी त्याने कागद दोनदा वाचला.

(आ) नदीकाठचे सहा बिघे रान मी स्वकष्टाने घेतले आहे. तेही धुरपदाबाईला, विकण्या-गहाण ठेवण्याच्या पूर्ण अधिकारासह. पहिली पेरणी तिच्या हाताने व्हावी.

(इ) तुटलेला तंग, दोन तुकडे, फडक्यात बांधून या कागदाबरोबर ठेवला आहे. माझ्या तेराव्याला जेवणे होण्याआधी, पंगत बसलेली असताना, हा कागद पहिल्या ओळीपासून वाचावा आणि तंग पानापानावरून फिरवावा. ज्याला त्यानंतर जेवायचे असेल त्याने जेवावे. पुना तोवर जिवंत असला तर त्याच्या हातात तंग जरूर द्यावा. सर्पीण पाठीवर नव्हती, पोटाखाली होती, असे त्याला सांगावे.

(ई) माझ्या आईबद्दल कोणी वाईट बोलू नये. तिला दुःखाला धरायला काहीतरी हवे होते. खरी वस्तू मी लपवली होती, म्हणून तिने चुकीची धरली.

हे मृत्युपत्र मी समजून उमजून केले, आज मौजे निंबखेडे येथे, चैत्र वद्य पंचमी शके १८६०, तारीख १९ एप्रिल १९३८ रोजी.

सही: वना जीवराम पाटील
संमती: भाईदास वना पाटील
साक्षी: शालिग्राम पाटील (बांध एकच हात, असे तोंडी सांगून)
साक्षी: रुपचंद वाणी

पुरवणी

वरील कागद झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो वच्छलाबाईला वाचून दाखवला. मला वाटले ती रडेल. ती गव्हातले खडे निवडत राहिली आणि म्हणाली, तंगाचे मला माहीत आहे, कणगी दरसाल मीच लिंपते. तीही गप्प राहिली होती, माझ्यासाठी. मग ती म्हणाली, "पन मरावर सांगशात का तुम्ही? मंग तिनी कोनले इचारानं? तुमनी चिताले?"

तेव्हा कळले की हा कागदही मी सोग्यातच खोचत होतो.

तिसऱ्या दिवशी तंग, कागद आणि हळद्या घेऊन मी निघालो. घोड्यावर बसलो नाही. तापी ओलांडून धरणगावी पोचायला दीड दिवस लागला, कारण आम्हा दोघांनाही दम लागतो. तोतारामच्या अंगणात धुरपदेला बोलावून घेतले. ती पदर पुढे ओढून दाराआड उभी राहिली. मी अंगणात उभ्यानेच कागद वाचला, कलम पाचपासून आठपर्यंत दोनदा, आणि तंग उंबऱ्यावर ठेवला.

तोतारामची बायको आत गेली आणि परत आली. मग धुरपदा अंगणात उतरली, हळद्याजवळ गेली, त्याच्या पांढऱ्या झालेल्या तोंडावर हात ठेवला आणि त्याला म्हणाली, "हळद्या, सांग त्यासले. सोळा वरीस मी रोज पाय धोयात आनि दखात, काय दोष शे ते."

मी म्हणालो, "मन्ही चूक शे, पोरी. बठ्ठी मन्ही." हे मीही घोड्याकडे बघूनच म्हणालो, आणि मग लाज वाटून तिच्याकडे पाहिले. तिने पदर मागे घेतला होता. केस पांढरे झाले आहेत. ती घोड्याला मध्ये न घालता बोलली. तिचे शब्द जसेच्या तसे लिहावेत असे तिने सांगितले, म्हणून लिहितो:

"नाना, माफी मी देत नही. रान लेसू, घर बी लेसू, ते मन्हा मालकनं शे, तुमनं देनं नही. आखाजीले लेकी माहेरले येतीस, मी सासरले येसू. घोडावर बसाव नही. वेसमातून पायी येसू, पुनाना वट्टापुढून."

त्याप्रमाणे कलम ९ (इ) मी रद्द करतो. तेराव्याची वाट बघायची नाही. आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या दिवशी, ती वेशीतून आत येईल तेव्हा, मी स्वतः पारावर उभा राहून हा कागद वाचीन आणि तंग पुनाच्या हातात देईन. त्याआधी मला काही झाले तर भाईदासने वाचावे. हळद्या आजपासून धुरपदाबाईचा. पुनाने पाहिल्यावर तंगही तिचाच, तो तिने मागून घेतला आहे. कशाला हवा, हे मी विचारले नाही.

शेवटी, ऐकल्याची खूण म्हणून मी शाईची डबी पुढे केली आणि अंगठा मागितला. ती म्हणाली, "हातना नको. याच पायघाई माप लोटं व्हतं. पायना ल्या." कागद जमिनीवर ठेवला. तोतारामने धरला. शाई तिनेच लावली.

हा मजकूर मुक्काम धरणगाव, चैत्र वद्य नवमी शके १८६०, तारीख २३ एप्रिल १९३८.

सही: वना जीवराम पाटील
साक्षी: तोताराम पाटील, धरणगाव
साक्षी: सुमनबाई तोताराम, निशाणी डावा अंगठा
वाचून ऐकवले, ऐकले: धुरपदाबाई भ्रतार झुलाल पाटील, राहणार निंबखेडे, निशाणी उजव्या पायाचा अंगठा